उभं राहायला तीन वर्षं

माझ्या ताईमुळे माणूस वैतागतो, हे मी आधीच सांगून टाकतो. लहानपणी ती बोलायची नाही, आता बोलू देत नाही. मधला काळ तरी बरा गेला असता, पण तो तिने नाटक शिकण्यात घालवला.

पाहुणे आले की ती दारामागे जायची. साधंसुधं लाजून नव्हे, अगदी ठरवून, पाण्याचा तांब्या सोबत घेऊन. पाहुणे किती वेळ बसतील ते सांगता येत नाही ना! आमच्या घरी वर्षानुवर्षं येणाऱ्या एका काकूंचा असा समज होता की या घरात एकुलता एक मुलगा आहे. मी तिच्याहून लहान, तरी तिचा वकील मीच. कोऱ्या पानांची वही मागितली आणि दुकानदाराने रेघांची दिली, तर ती बदलून आणायला मी जायचं. बाईसाहेब कोपऱ्यावर उभ्या राहून खुणा करणार. एकदा दुकानदाराने मला विचारलं, "वही कुणाला हवीय?" मी कोपऱ्याकडे बोट केलं. कोपरा रिकामा!

हा गुण बाबांचा. बाबा पुस्तकबांधणी करतात. दुकानाचं टेबल आतल्या भिंतीला लागून, म्हणून बाबांचं तोंड कायम भिंतीकडे आणि पाठ गिऱ्हाइकाकडे. गिऱ्हाईक दारात उभं राहून पाठीशी बोलायचं. प्रबंध आहे, कापडी बांधणी हवी, सोनेरी अक्षरं हवीत, घाई आहे. सगळं ऐकून पाठ एकच शब्द बोलायची, "शुक्रवारी." सोमवारी या, गुरुवारी या, उत्तर तेच. त्यावरून बाजारात त्यांचं नावच 'शुक्रवारवाले' पडलं. काम उत्तम, शुक्रवार म्हणजे शुक्रवार, त्यामुळे तक्रार कुणाची नाही. फक्त तोंड फारसं कुणी पाहिलेलं नाही.

दुकानात बाबांखेरीज एकच माणूस, खळकाका. पुठ्ठ्याला लावायची खळ ते शिजवतात आणि बोटांना ती इतकी असते की चहाचा कप त्यांच्या हातातून सोडवून घ्यावा लागतो. स्वभावही तसाच, चिकट आणि मऊ. कुणी काही म्हटलं की "असेल बुवा" म्हणायचं आणि खळ ढवळत राहायचं.

तर अशा या मौनव्रती घराण्यातली मुलगी नाटकात गेली कशी? अर्थातच चुकून.

कॉलेजच्या नाट्यशाखेला कुठल्याशा नाटकासाठी पुस्तकांनी भरलेलं कपाट हवं होतं. खरी पुस्तकं जड, म्हणून त्यांनी बाबांकडून पुस्तकांचे नुसते कणे, म्हणजे कपाटातून दिसते तेवढी पाठ, करून घेतले. बाहेरून ग्रंथ, आत हवा. (असे प्राध्यापकही मी पाहिले आहेत, पण ते असो.) पोचवायला मी जाणार होतो. मला ताप आला, म्हणून नुकतीच पदवी घेऊन घरी बसलेली ताई गेली. तिथले सर दिवे लावत होते. उजेड कुठे पडतो ते बघायला त्यांना कुणीतरी माणूस हवा होता. ते म्हणाले, "ए मुली, जरा इथे उभी राहा." ही राहिली. "जाऊ का?" असं विचारायची हिची हिंमत नाही, आणि दिवे लावताना माणसाला वेळेचं भान नसतं. संध्याकाळ झाली. शेवटी सर शिडीवरून उतरले आणि म्हणाले, "कमाल आहे! माझे विद्यार्थी दोन मिनिटं स्थिर राहत नाहीत. तू कुठल्या वर्गात?"

त्या रात्री जेवताना ताई ताटाकडे बघत म्हणाली, "मला नाटक शिकायचंय."

तिचं त्या वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य. आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

"काय शिकवतात तिथे?" बाबांनी विचारलं.

"आधी उभं राहायला."

"उभं राहायला तीन वर्षं?"

मी हसलो, आई हसली. ताई हसली नाही. बाबा हात धुवायला उठले आणि मोरीकडे तोंड करून म्हणाले, "शुक्रवारी सांगतो."

शुक्रवारी ते 'हो' म्हणाले, आणि माझे भोग सुरू झाले.

आवाजाचे व्यायाम पहाटे. छातीतून 'हूं', मग पोटातून 'हूं', मग म्हणे टाळूतून. शेजारच्या काकू आईला हळूच विचारून गेल्या, "घरात कुणी फार आजारी आहे का?" मग निरीक्षण. म्हणजे रस्त्यावरच्या माणसामागून त्याच्यासारखं चालायचं. ती ज्यांच्यामागून चालली त्यांत आमचा पोस्टमन होता, त्याच काकू होत्या, आणि बँकेतला एक रखवालदार होता, ज्याने वळून विचारलं, "काही काम आहे का?" ही पळाली. तेव्हाही पळतच होती, हे लक्षात घ्या.

सगळ्यात छळवादी तो प्रश्न. पात्राला त्या क्षणी काय हवंय ते ओळखायचं, असं सरांनी शिकवलं होतं. माणूस बोलतो एक, त्याला हवं असतं दुसरंच. झालं! घरात भांडण काढायची सोय राहिली नाही. मी ओरडलो की ही शांतपणे, "थांब. तुला या क्षणी नेमकं काय हवंय?"

"रिमोट हवाय!"

"नाही. ते तू बोलतोयस. तुला हवंय काय?"

"रिमोटच हवाय गं, बाई!"

"आणि आई जेव्हा 'जेवायला या' म्हणते, तेव्हा तिला काय हवं असतं?"

आतून आई म्हणाली, "ताटं घेतलेली हवी असतात. पात्र उठतंय का?"

पहिल्या वर्षी तिला बोलायचं काम मिळालंच नाही. गर्दीत उभी राहा, झाडाखाली उभी राहा. बाबांचा अंदाज बरोबर होता, असं मी घरात जाहीरही केलं. दुसऱ्या वर्षी एक वाक्य मिळालं. नायक मरणाच्या दारात, ही त्याची मोलकरीण. हिने औषधाची बाटली आणायची आणि म्हणायचं, "औषध आणलंय." ती बाटली त्याने भिंतीवर फेकायची आणि मोठं भाषण करून मरायचं. आम्ही सगळे बघायला गेलो. बाबासुद्धा. ही आली, पण रिकाम्या हातांनी. बाटली आत विसरली होती. ते तिच्या लक्षात आलेलं मला तिसऱ्या रांगेतून दिसलं. आता पळणार, म्हटलं, आणि घरी गेल्यावर दारामागे जाऊन बसणार.

तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग नायकाकडे. म्हणाली, "डॉक्टरांनी औषध दिलंच नाही. म्हणाले, तुम्हाला काहीही झालेलं नाही."

सगळं प्रेक्षागृह खिदळलं. नायकाची अवस्था बघवत नव्हती. त्याला तर अजून मरायचं होतं! बिचारा म्हणाला, "डॉक्टरांना काय कळतंय?" आणि कसाबसा मेला. मला वाटलं, आता सर हिला काढून टाकणार. सर म्हणे खूश. चूक झाली की लपायचं नाही, थांबायचंही नाही, ती वापरायची, हे ते दोन वर्षं ओरडून सांगत होते आणि या मुलीने ते करून दाखवलं. घरी येताना बाबा पुढे पुढे चालत होते. फाटकाशी आल्यावर मात्र म्हणाले, "बाटली खरंच विसरली होती?" आणि मानेनेच 'वा' म्हटलं.

तिसऱ्या वर्षी घरमालकांनी दुकान परत मागितलं.

म्हणजे आमचं बांधणीचं दुकान. घरमालकांच्या मुलाला तिथे मोबाइल विकायचे होते. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, त्याच इमारतीत टोकाला एक खोली आहे, बरीच लहान, ती घ्या हवी तर. महिनाअखेर काय ते सांगा. बाबांनी ती खोली बघायलाही नकार दिला. "त्यात नुसतं कटिंग मशीन मावेल. मग मी उभा राहू कुठे?" ते मशीन म्हणजे लोखंडी धूड, कागदाचा गठ्ठा एका दणक्यात कापणारं, आणि त्याला उजव्या हाताने ओढायचा लांबलचक दांडा. त्याला जागा लागते, हे खरंच होतं.

तेवढ्यात आमचे मामा मदतीला धावले. मामा मदतीला धावले की आमच्याकडे सगळे बाजूला होतात. त्यांचा गावाबाहेर मोठा छापखाना आहे, आणि यंत्रांच्या आवाजात बोलून बोलून ते घरातही तसंच बोलतात. "भाऊजी! दुकानाचं काय घेऊन बसलात? माझ्याकडे या! सुपरवायझर! काम काहीच नाही, फिरायचं आणि पोरांवर ओरडायचं!"

बाबा आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. मांजराला 'शुक' म्हणायचं तर तेही आईकडून. पण ते म्हणाले, "बघू." आणि आठवडाभर त्यांनी भिंतीकडे तोंड करून काम केलं ते एक शब्द न बोलता, 'शुक्रवारी'सुद्धा न म्हणता. गिऱ्हाइकं दारात उभी राहून निघून जायला लागली. आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "तिकडे गेले ना, तर सहा महिन्यांत माणूस खलास होईल. पण बोलणार कोण त्यांना?"

बोललं कुणीच नाही. ताईने खळकाकांना बरोबर घेतलं, घरमालकांकडून किल्ली आणली आणि खोली मोजली. संध्याकाळी माझ्या हातात एक कागद आणि रंगीत चिकटपट्टीचं रीळ ठेवून ती म्हणाली, "हॉलमधलं सामान काढ. मला तालमीला जायचंय. मी येईपर्यंत खोली आखून ठेव."

"कुठली खोली?"

"नवीन दुकानाची. जमिनीवर. खऱ्या मापाची."

नाटकवाले म्हणे असंच करतात. रंगमंचावरचं घर उभारायच्या आधी जमिनीवर पट्ट्यांनी भिंती आखायच्या, दार आखायचं, आणि महिनाभर त्यात तालीम करून बघायची. भिंत नसली तरी भिंतीतून जायचं नाही. मी नेमका भिंतीत उभा राहून हे ऐकत होतो, तर तिने मला दंडाला धरून आत घेतलं.

मी सोफा उभा केला, कागद वाचत वाचत पट्ट्या चिकटवल्या. दार समोर, खिडकी डावीकडे. सगळं कागदाबरहुकूम. ही एक गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराचं जे झालं ते शत्रूच्या घराचं होऊ नये. हॉलमधून स्वयंपाकघरात जायच्या वाटेवर दुकानाची भिंत आली. आई सरळ जाऊ लागली की ताई ओरडे, "आई, भिंत!"

"माझ्याच घरात मला दारातून जायचं, आणि दार कुठे, तर हवेत! डोक्यावर पडलीय कार्टी!" असं म्हणत आई वळसा घालून, हवेतल्या दारातून, आमटीचं पातेलं सांभाळत यायची.

आईचं शिवणयंत्र म्हणजे शिलाईची जागा. इस्त्रीचं टेबल म्हणजे खळकाकांचं टेबल. राहिलं कटिंग मशीन. ताईने घरभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"नाही," मी म्हणालो.

"उंची बरोबर आहे."

"मी पदवीधर आहे."

"संवाद नाहीत, पाठांतर नाही. फक्त दांडा."

दांडा म्हणजे माझा हात. बाबा माझ्या समोर उभे राहणार, त्यांच्या उजव्या हाताला दांडा, म्हणून मी माझा डावा हात लांब करायचा. पाहा, एवढी बारकाई आम्ही बाळगली होती. खळकाकांना ताईने घरी बोलावलंच होतं. ते खोटी खळ खोट्या पुठ्ठ्याला लावू लागले, आणि माझ्यापेक्षा बरे करत होते.

बाबा आतल्या खोलीत वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. त्यांना यायला सांगायचं नाही, अशी ताईची सक्त ताकीद होती. मी विचारलं, का? तर म्हणे, "त्यांना काय हवंय ते त्यांचं त्यांना कळू दे." आणि मग तिने मुद्दाम (आता मला कळतंय, मुद्दामच) मला मधोमध उभं केलं आणि खळकाकांना माझ्या पाठीमागून ये-जा करायला लावलं. काका दोनदा मला धडकले.

वर्तमानपत्र खाली आलं. "अरे, मशीन मधे ठेवतात का कधी?"

काका तिसऱ्यांदा धडकले. बाबा उठले. थेट येऊ लागले, पट्टीपाशी थबकले, वळसा घालून दारातून आत आले आणि मला खांद्याला धरून खिडकीपाशी सरकवलं. "इथे. उजेड लागतो कापताना." मग माझा हात ओढला. दणकून. सवयच ती. मी ओरडलो.

"मशीन बोलत नाही," ताई म्हणाली.

त्या आठवड्यात बाबांनी माझ्यावर किती गठ्ठे कापले याचा हिशोब नाही. पण काहीतरी होत होतं. आधी प्रत्येक कामासाठी दुकानभर फिरणारे बाबा म्हणायला लागले, पुठ्ठे उभे ठेवले तर? दाबणीचं यंत्र टेबलाखाली घेतलं तर? काका बसून काम करतील तर त्यांच्या डोक्यावर फळी मारता येईल. ताई सारखी विचारायची, "आणखी कसं?" एक जमलं की तेवढ्यावर सोडायची नाही. "हे झालं. आता दुसरं कसं करता येईल?" बाबा तिला उत्तरं द्यायचे. तोंडाकडे बघून! दोन मौनी माणसं माझ्या घरात तावातावाने बोलत होती आणि मी मधे हात लांब करून उभा.

शेवटी एका संध्याकाळी बाबांनी अख्ख्या दिवसाचं काम कुठेही न अडकता करून दाखवलं, हवेतलं दार हवेत लावलं आणि म्हणाले, "मावतंय." घरमालकांना त्याच रात्री होकार गेला.

मशीन हलवायच्या दिवशी मामा आपली माणसं आणि टेम्पो घेऊन आले. जड काम होतं, मदत नाकारून चालणार नव्हतं. चौघांनी धापा टाकत ते धूड नव्या खोलीत नेलं. बाबा मागून आत आले, पहिल्यांदाच. आणि दारातच थांबले.

खिडकी उजवीकडे होती.

आखलेली खोली आणि ही खोली म्हणजे माणूस आणि त्याचं आरशातलं रूप. सगळं तेच, फक्त उलटं. कसं झालं ते ताईच्या लगेच लक्षात आलं, कारण तिचा चेहरा पांढरा पडला. मोजताना ती आतल्या भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून उभी होती. नाटकवाल्यांचं डावं-उजवं असं रंगमंचावरून प्रेक्षकांकडे बघून ठरतं. तिने 'खिडकी डावीकडे' लिहिलं ते नटाचं डावं. मी पट्ट्या चिकटवल्या त्या दारातून आत बघत. मी कागदाबरहुकूम केलं होतं, हे आधीच नोंदवलेलं आहे.

"मी तर नुसता कागदच बघत राहिले. पण काका," ताई म्हणाली, "तुम्ही होतात ना माझ्याबरोबर! घरी पाहिलंत तेव्हा खिडकी उलट्या बाजूला दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली की," खळकाका म्हणाले. "पहिल्याच दिवशी दिसली."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, नाटकात असंच असतं."

मशीन खिडकीशी लावून बघितलं. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले, दांडा ओढायला गेले. घरी माझा हात खोलीच्या आतल्या बाजूला होता, तिथे मोकळी जागा होती. इथे दांडा दाराकडे आला आणि ठाणकन चौकटीवर आपटला. पुन्हा ओढला, पुन्हा ठाण्. बाबांनी दांडा सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मी म्हणत नव्हतो!" मामांचा आवाज त्या खोलीत मावेना. "खोट्या भिंतीत खरी दुकानं चालत नसतात! भाऊजी, मन मारू नका. टेम्पो उभाच आहे, हेच मशीन त्यात टाकू, माझ्याकडे नेऊ. उद्यापासून या! काय?"

बाबांची पाठ काही बोलेना. मामांनी माणसांना खूण केली. त्यांनी बाह्या सरसावल्या.

मी ताईकडे पाहिलं. ती दाराशेजारीच होती. दार आतल्या बाजूला उघडलेलं, त्याच्यामागे एक माणूस आरामात मावेल इतकी जागा. तिनेही त्या जागेकडे पाहिलं, मी शपथेवर सांगतो. मग ती तिथून निघाली आणि खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"कुणीही हात लावू नका," ती म्हणाली.

ओरडली नाही. पण मामा ऐकू जाण्यासाठी ओरडतात ना, तसं तिला करावंच लागलं नाही. टेम्पोच्या चालकानेसुद्धा बाहेरून मान आत घातली. ते पहाटेचे 'हूं' कुठे साठत होते ते मला त्या दिवशी कळलं.

"मामा, दहा मिनिटं. चूक माझी आहे, मीच निस्तरते. बाबा, इकडे बघा. सगळं उलटं करून बघू. डाव्या हाताने ओढाल?"

"दांडा उजव्या बाजूलाच आहे, बाळ. तो कसा उलटा होणार?" बाबा भिंतीला म्हणाले.

"बरं. ते गेलं. दुसरं कसं?" ती स्वतःशीच बोलत होती. मग अचानक, "मशीन बाजूला राहू दे. जड आहे ते, सारखं हलवता येणार नाही." आणि माझ्याकडे वळली.

"नाही," मी म्हणालो. "इथे नाही. लोकांसमोर तर मुळीच नाही."

"हात लांब कर."

मामांच्या माणसांसमोर मी मशीन झालो. एकाने दुसऱ्याला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "याला पण टेम्पोत घालायचं का?" ताईने मला आतल्या भिंतीशी लावलं. बाबा म्हणाले, अंधार. तिरकं केलं. काका जाणार कुठून? कोपऱ्यात कोंबलं. माझा हात फळीला लागला. प्रत्येक वेळी ही, "हे नाही. दुसरं कसं?" आणि मामा घड्याळ बघतायत.

"बाबा," तिने विचारलं, "तुम्हाला या क्षणी नेमकं काय हवंय?"

आणि बाबा, आमचे बाबा, वळून ओरडले. "उजेड हवाय! आणि उजव्या हाताला आतली बाजू हवीय! दुसरं काही नको मला!"

सगळे गप्प. मामासुद्धा, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. बाबा ओरडायला वळले होते ना, तेव्हा त्यांची पाठ खिडकीकडे आली होती आणि तोंड आमच्याकडे. त्यांचा उजवा हात खोलीच्या आतल्या बाजूला होता.

"तसेच उभे राहा," ती हळूच म्हणाली. "हलू नका. पाठ खिडकीलाच ठेवा." तिने मला ओढून बाबांच्या समोर आणलं, खिडकीकडे तोंड करून. मी हात लांब केला. आतल्या बाजूला, मोकळ्या जागेत. खिडकीतला उजेड बाबांच्या खांद्यावरून थेट माझ्यावर पडत होता, म्हणजे जिथे कागद येणार तिथे. बाबांनी माझा हात ओढला. कुठेही ठाण् झालं नाही, माझ्या खांद्यात कट् झालं ते सोडून.

"असं उभं राहून कधी कापलं नाही मी," बाबा म्हणाले. "सगळं दुकान दिसतंय इथून." आणि जरा घाबरून, "दार पण दिसतंय."

"प्रेक्षकांकडे पाठ करायची नसते, बाबा."

"लोक बघतील गं."

"बघतील. उभं राहायला वेळ लागतो. सवय होते."

मामा म्हणाले, "भाऊजी, मग काय ठरलं? माझी माणसं खोळंबलीत." नेहमीप्रमाणे बाबा आईकडे बघतील आणि आई उत्तर देईल, म्हणून मी आईला शोधू लागलो. बाबा म्हणाले, "नको. मी इथेच." आणि मशीनकडे बोट केलं. "एवढं फिरवून द्या, म्हणजे झालं."

माणसांनी मशीन फिरवलं. मामांनी चहा मागवला आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की पोरगी हुशार आहे, ते त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

ताईचं नाटकाचं शिक्षण संपलं. आता ती त्याच सरांच्या हाताखाली नव्या मुलांना शिकवते, बहुधा उभं राहायलाच. घरातल्या पट्ट्या मी काढल्या, पण फरशीवर त्यांचा चिकटा राहिलाय आणि आई अजूनही पातेलं घेऊन वळसा घालून येते. तिला काही म्हणायची सोय नाही.

परवा दुकानात होतो. एक प्राध्यापक आले, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. बाबा मशीनमागे, तोंड गिऱ्हाइकाकडे. प्राध्यापकांनी त्यांच्याकडे पाहिलं, दुकानभर पाहिलं आणि मला विचारलं, "शुक्रवारवाले कुठे आहेत? नवीन माणूस ठेवला का?"

बाबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. क्षणभर मला वाटलं, आता वळणार. पण मागे खिडकी होती. त्यांनी दांडा सोडला, घसा साफ केला, पोटातून की टाळूतून ते मला कळलं नाही, आणि म्हणाले, "मीच तो. बोला. तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"प्रबंध बांधून हवाय," प्राध्यापक म्हणाले.

"ते तुम्ही बोलताय," बाबा म्हणाले. "घाई आहे की काम चांगलं हवंय?"

मी डोक्यावर हात मारला. एक होती ते पुरे नव्हतं, आता घरात दोन झाले.